संडासला जायची धास्ती

दर उन्हाळ्यात माझ्याकडे एकाच दुखण्याची पत्रं येतात अन् गंमत म्हणजे बऱ्याच जणांनी पत्रात जागेचं नावच लिहिलेलं नसते. "तिथे", "खाली", "बसायच्या जागी", एका काकांनी तर "आपल्या त्या भागात" असं लिहिलं, आता काका तो भाग तुमचा आहे, आपला कुठून झाला. असो. मी सर्जन आहे, माझ्यापुढे रोज हीच तक्रार घेऊन लोक बसलेले असतात, म्हणजे बसलेले नसतातच, उभे असतात, कारण बसवत नाही. तर या वेळेला सगळी उत्तरं फिशरवरच, म्हणजे गुदद्वारापाशी पडणाऱ्या चिरेवर. नाव कोणाचंच छापत नाही, वस्ती तेवढी ठेवली आहे.

प्रश्न : नमस्कार डॉक्टर मॅडम, मी 34 वर्षांचा आहे, हिंगणा एमआयडीसीत शिफ्ट ड्युटी करतो. एप्रिलमध्ये मेव्हण्याचं लग्न होतं, तीन दिवस जागरण, पाणी कमी, एका रात्री सावजी, दुसऱ्या रात्री परत सावजी, अन् चौथ्या दिवशी सकाळी संडासला बसलो तर एवढा कडक खडा आला की डोळ्यापुढे अंधारी आली, वाटलं काच जाऊन राहिली आतून. पाहिलं तर चार-पाच थेंब लाल रक्त. त्याला पाच आठवडे झाले. आता रोज तेच, झाल्यावर दीड-दोन तास ठणकते, गाडीवर बसवत नाही, कंपनीच्या बसमध्ये एका अंगावर बसून जातो. मित्र म्हणे मूळव्याध आहे, औषधाच्या दुकानातून एक ट्यूब आणली, कोणी सुरण खा म्हणते, कोणी मुळ्याचा रस. आता तर मी जेवणच कमी करून टाकलं, कारण जेवलं की जावं लागते. बायकोला पण पूर्ण सांगितलं नाही. हे मूळव्याधच आहे का अन् ऑपरेशनशिवाय बरं होते का?
(हिंगणा रोड)

उत्तर : भाऊ, "काच जाऊन राहिली" हे मी इतक्यांदा ऐकलं आहे की पेशंट दारातून आत येता येता हे बोलला की माझं निम्मं निदान तिथेच होते. मूळव्याधीत सहसा असं दुखत नाही. मूळव्याध म्हणजे आतल्या रक्तवाहिन्यांच्या गाद्या फुगतात, रक्त जाते, कधी बरंच जाते, पण कोंब बाहेर अडकला नाही किंवा त्यात रक्त गोठलं नाही तोवर दुखणं फारसं नसते. भगंदरात बाजूला एक तोंड पडते अन् त्यातून पू-पाणी येत राहते, चड्डीला डाग लागतात. तुमचं जे आहे, जाताना चिरल्यासारखं, नंतर तास-दोन तास ठणका, अन् चार थेंब लालभडक रक्त, हे बहुतेक फिशर आहे, म्हणजे गुदद्वाराच्या अगदी काठावर पडलेली चीर. 10 पैकी 9 जणांना ती मागच्या बाजूला, माकडहाडाच्या दिशेने पडते. आयुर्वेदात याला परिकर्तिका म्हणतात, कात्रीने कातरल्यासारखं दुखते म्हणून. नाव ठेवणाऱ्याने पेशंटचं म्हणणं नीट ऐकलं होतं. आपण मात्र खालचं काहीही दुखलं की "मूळव्याध" म्हणून मोकळे होतो अन् मग शेजारच्याला लागू पडलेली ट्यूब आपण लावतो.

आता पाच आठवडे भरली का नाही? ओठ फाटला तर चार दिवसात भरते, ही चीर जेमतेम सेंटिमीटरभर, मग अडते कुठे? त्या जागेला स्नायूंची दोन कडी असतात. बाहेरचं कडं आपल्या हुकमातलं, त्याच्या जोरावर आपण रोखून धरतो. आतलं कडं आपलं ऐकत नाही, ते आपल्या मर्जीने आवळते, सुटते. चीर दुखली की हे आतलं कडं घट्ट आवळून बसते. मूठ जोरात आवळून पाहा, पेरं पांढरी पडतात ना, तसाच तिथला रक्तपुरवठा कमी होतो, अन् मागच्या बाजूला तो आधीच बेताचा. रक्त नाही तर जखम भरणार कशाने? त्यात दुसऱ्या दिवशी परत खडा, परत चीर, परत आवळणं. मग माणूस घाबरून दोन दिवस जातच नाही, तोवर आतडं त्यातलं पाणी शोषून घेते अन् खडा आणखी कडक. तुम्ही जेवण कमी केलं ना, तिथे तुम्ही स्वतःच त्या दुखण्याला खतपाणी घातलं.

हे मला नुसतं पुस्तकातून कळलं असं नाही. रेसिडेन्सीच्या दुसऱ्या वर्षी सलग ड्युट्या, पाणी प्यायलं तर मधेच जावं लागेल म्हणून पाणीच नाही, जेवण म्हणजे कँटीनचा समोसा. अन् सर्जरीची रेसिडेंट असून तीन आठवडे मी कोणाला सांगितलं नाही, दिवसभर लोकांच्या फिशर तपासायच्या अन् स्वतःची लपवून भिंतीला टेकून राउंड घ्यायचा. शेवटी एका सीनियर मॅडमनी विचारलं, काय गं, दोन दिवस झाले तू खाली बसली काहून नाहीस? तिथेच रडले मी. म्हणून तुम्ही बायकोला सांगितलं नाही याचं मला नवल वाटत नाही, पण तुम्ही एका अंगावर बसता हे तिला दिसत नाही असं खरंच वाटते का तुम्हाला?

तर आधी जेवा. पोटभर जेवा. ज्वारीची भाकरी, पालेभाजी, मोड आलेली मटकी, मूग, चवळी, पेरू, पपई, संत्र्याच्या दिवसात रस न काढता अख्ख्या फोडी. दिवसाला 25 ते 30 ग्रॅम फायबर पोटात गेलं पाहिजे अन् नुसत्या पोळी-बटाट्यावर तेवढं होत नाही. सोबत इसबगोल, रात्री एक चमचा, अख्खा ग्लासभर पाण्यात, ढवळलं की लगेच प्यायचं, बोलत बसलात तर त्याची खळ होते, अन् वरून आणखी एक ग्लास पाणी. पाण्याशिवाय इसबगोल म्हणजे पोटात सिमेंट कालवल्यासारखं. पहिले चार दिवस पोट फुगेल, गॅस होतील, होऊ द्या, आठवड्याने दोन चमचे करा. दुसऱ्या गोळ्या चालू असतील तर दोन तास आगेमागे. एवढ्याने मऊ होत नसेल तर डॉक्टरला विचारून लॅक्टुलोजचं सायरप. संडास कशी हवी म्हणाल तर पिकलेल्या केळासारखी, त्यापेक्षा पातळ पण नको, जुलाबाने सुद्धा चीर पडते, म्हणून एरंडेल अन् जुलाबाच्या गोळ्यांच्या मागे लागू नका. पाणी किती हे मी लिटरमध्ये सांगत नाही, 45 डिग्रीत शेडमध्ये काम करणाऱ्याचं अन् एसीत बसणाऱ्याचं सारखं कसं असेल, लघवीचा रंग पाहा, गडद पिवळी असली की कमी पडून राहिलं समजा.

मग शेक. मे महिन्यात "गरम पाण्यात बसा" म्हटलं की नागपूरचा माणूस माझ्याकडे असा पाहतो की हिलाच ऊन लागलं बहुतेक. पण या दुखण्यात यापेक्षा स्वस्त अन् चांगला उपाय मला माहीत नाही. कपडे धुवायचा पसरट प्लास्टिकचा टब घ्या, इतवारीत जा नाहीतर कुठल्याही आठवडी बाजारात मिळते, फक्त कमरेला पुरेल एवढा रुंद पाहिजे. चार-पाच इंच पाणी. कोपर बुडवून पाहायचं, तान्ह्या बाळाच्या आंघोळीला पाहतो तसं, ऊनऊन वाटलं पाहिजे, चटका नको. दुपारी तर गच्चीवरच्या टाकीचं पाणी नळातूनच तापून येते, कधी कधी इतकं की त्यातच माठातलं ओतावं लागते, गॅस पेटवायची गरज नाही. पाय बाहेर, गुडघे वर, जागा पाण्यात बुडली पाहिजे. पहिली दोन-तीन मिनिटं काहीच होत नाही, वाटते काय वेडेपणा करून राहिलो आपण, अन् मग एकदम आतलं काहीतरी सुटते, ते आवळलेलं कडं ढिलं पडल्याचं कळते, नकळत वर चढवून ठेवलेले खांदे सुद्धा खाली येतात. 10 ते 15 मिनिटं बसा. संडासनंतर लगेच एकदा अन् दिवसात आणखी एक-दोनदा. पाण्यात मीठ, तुरटी, हळद, डेटॉल काही काही टाकायचं नाही, काम उष्णतेचं आहे, अन् डेटॉलने तर उलट कातडी जळते. उठताना सावकाश उठा, चक्कर येते कोणाकोणाला. चोळून पुसायचं नाही, सुती कपड्याने टिपायचं, साबण तिथे लावायचाच नाही.

संडासला बसायचं पण एक तंत्र आहे. चहा-नाश्त्यानंतर अर्ध्या तासात आतडं आपोआप हलते, ती वेळ पकडा, नाइट शिफ्ट असेल तर उठल्यावरच्या चहानंतर. कळ आली की जायचं, "हे काम झाल्यावर जातो" नाही. पाच मिनिटात झालं नाही तर उठून यायचं, कुंथायचं नाही अन् मोबाईल बाहेर ठेवायचा, मोबाईल आत नेला की पाच मिनिटांची वीस होतात अन् तितका वेळ त्या जागेवर ताण. कमोड असेल तर पायाखाली पाट घ्या.

ट्यूबबद्दल. मूळव्याधीच्या बऱ्याच ट्यूबांमध्ये स्टेरॉइड असते, आठवडाभराच्या वर लावत राहिलं तर कातडी पातळ होते, तुम्ही पाच आठवडे लावून राहिले, बंद करा. फिशरला लागते ती कडं ढिलं करणारी, डिल्टियाझेम 2 टक्के किंवा निफेडिपिनची, साधारण दिवसातून दोनदा, वाटाण्याएवढी, काठावर अन् जेमतेम आत, 6 ते 8 आठवडे. नायट्रोग्लिसरिनची पण असते, पण तिने अनेकांचं डोकं भयंकर दुखते, अन् सिल्डेनाफिलसारखी, म्हणजे व्हायग्राची, गोळी कोणी घेत असेल तर ती लावायचीच नाही, बीपी एकदम खाली येते. ही सगळी डॉक्टरच्या चिठ्ठीवर घ्यायची. जायच्या दहा मिनिटं आधी लिग्नोकेनची, म्हणजे जागा बधिर करणारी, जेली लावली तर पहिला धसका कमी होतो. दुखण्याला पॅरासिटामॉल ठीक, पण कोडीन किंवा ट्रामाडॉलवाली गोळी नको, तिने संडास आणखी घट्ट होते.

दाखवायला जायची भीती वाटते ती तपासणीची, मला माहीत आहे. होते काय तर डाव्या कुशीवर झोपवतात, गुडघे पोटाशी, दोन्ही बाजू हाताने अलगद दूर केल्या की चीर समोर दिसते, अर्ध्या मिनिटाचं काम. इतकं दुखत असताना बोट किंवा नळी आत घालायची घाई नसते, अन् कोणी करायला लागलं तर "आज नको" म्हणायचा तुम्हाला हक्क आहे. मेडिकलला अन् मेयोला, नागपूरच्या या दोन सरकारी हॉस्पिटलांत, सर्जरीची ओपीडी असते, केसपेपर काढा अन् जा. 6 आठवडे उलटले की आम्ही तिला जुनी फिशर म्हणतो, कडा जाड होतात, बाहेर कातडीचा एक कोंब येतो, तोच हाताला लागला की लोक म्हणतात बघ मूळव्याधच आहे. तुमचे पाच झाले आहेत, म्हणून याच आठवड्यात जा. ताप आला, एका बाजूला सूज येऊन दिवसभर ठणकायला लागलं तर मात्र ते गळू असू शकते, त्याच दिवशी दवाखाना.

अन् जिथे सगळे फसतात ते सांगते. नीट केलं तर दहा-पंधरा दिवसात दुखणं निम्म्यावर येते. मग आधी टब कोपऱ्यात जातो, नंतर इसबगोलचा डबा वरच्या फळीवर, अन् पुढच्या एका लग्नात सगळं पहिल्यापासून. दुखणं गेलं म्हणजे वरवर धरलं आहे, आतून भरायला वेळ लागतो. एकही दिवस दुखलं नाही असं झाल्यावर सुद्धा दोन महिने तरी इसबगोल चालू ठेवा. तुम्ही विचारलं ऑपरेशनशिवाय बरं होते का, तर नवीन फिशरमध्ये निम्म्या लोकांचं नुसत्या फायबर, पाणी अन् शेकावर भागते, उरलेल्यांपैकी पण बऱ्याच जणांचं क्रीमवर.

प्रश्न : मॅडम, माझं बाळंतपण होऊन दोन महिने झाले, नॉर्मल झाली, टाके होते ते भरले. पण संडासच्या वेळी समोरच्या बाजूला इतकं दुखते की बाळ रडत असलं तरी मी दहा मिनिटं आतच धरून बसते. रक्ताची गोळी चालू आहे, संडास काळी अन् घट्ट होते. सासूबाई म्हणतात बाळंतिणीने जास्त पाणी पिऊ नये, पोट सुटते. डिंकाचे लाडू रोज दोन खाते. दूध पाजते म्हणून कोणती औषधं घ्यायची भीती वाटते.
(मानेवाडा)

उत्तर : ताई, पाण्याचं आधी, कारण ते ऐकून मलाच तहान लागली. दूध पाजणाऱ्या बाईला पाणी जास्त लागते, कमी नाही. पोट सुटते ते गर्भपिशवी अन् पोटाचे स्नायू ताणले जातात म्हणून, पाण्याने नाही. सासूबाईंशी वाद घालू नका, बाळाला पाजायला बसताना दर वेळी एक तांब्या शेजारी घेऊन बसा, दिवसातून आठ-दहा वेळा तुम्ही पाजताच, आपोआप होऊन जाईल.

बाळंतपणानंतर बायकांना समोरच्या बाजूला पण चीर पडते, हे वेगळं काही नाही. रक्ताची गोळी म्हणजे लोह, त्याने संडास काळी होते ते घाबरायचं नाही, पण घट्ट होते तो त्रास खरा आहे. गोळी मनाने बंद करू नका, बाळंतपणात गेलेलं रक्त भरून काढायचं आहे, ज्या डॉक्टरने दिली तिला सांगा, प्रकार किंवा वेळ बदलून देतात. इसबगोल अन् लॅक्टुलोज आतड्यातून रक्तात फारसे जातच नाहीत, दूध पाजताना चालतात. क्रीम मात्र तुमच्या डॉक्टरला दूध पाजते सांगूनच घ्या. टबातला शेक निर्धास्त घ्या. लाडू खा, पण लाडू म्हणजे जेवण नाही, तुमच्या पत्रात भाजीचं नाव मला कुठेच दिसलं नाही. अन् बाळ दहा मिनिटं रडलं तर रडू द्या, कोणीतरी घेईल, घरात माणसं आहेत.

प्रश्न : माझे मिस्टर 41 चे. फिशर एक वर्ष झालं, दोनदा क्रीमचा कोर्स केला, बरं वाटते अन् परत होते. डॉक्टरांनी स्नायू थोडा कापायचं ऑपरेशन सांगितलं. यांना कोणी सांगितलं की त्यानंतर संडासवर कंट्रोल राहत नाही. दुसरीकडे लेझरची जाहिरात पाहिली, "चिरफाड नाही, त्याच दिवशी घरी". काय करावं?
(सक्करदरा)

उत्तर : वर्ष झालं अन् क्रीमचे दोन पूर्ण कोर्स झाले म्हणजे ऑपरेशनचा विचार करायची वेळ बरोबर आहे, घाई केली असं नाही. त्यात आतल्या कड्याचा थोडासा भाग एका बाजूने कापतात, म्हणजे ते कायमचं थोडं ढिलं राहते, रक्त पोचते, चीर भरते. 15-20 मिनिटांचं काम, बहुतेक जण त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी. 100 पैकी 90 च्या वर लोक यात बरे होतात, फिशरच्या दुसऱ्या कुठल्या उपायाचा एवढा चांगला निकाल नाही. अन् आधी रोज तासन् तास तळमळणारा माणूस दोन-चार दिवसात म्हणतो की हे वर्षभर आधीच करायला पाहिजे होतं.

कंट्रोलची भीती अगदीच खोटी नाही, ती लपवून ठेवणाऱ्या डॉक्टरवर मी विश्वास ठेवणार नाही. थोड्या लोकांना गॅस रोखता येत नाही किंवा चड्डीला हलका डाग लागतो, त्यातल्या बऱ्याच जणांचं काही आठवड्यात सुधारते, काहींचं थोडं राहते. संडासच रोखता येत नाही असं क्वचित होते. कट किती लांब घेतला यावर बरंच अवलंबून असते. म्हणून विचारायचं ते हेच, "स्नायू किती कापणार?" ज्या बायकांची बाळंतपणं अवघड झाली आहेत किंवा ज्यांना आधीच गॅस रोखायला त्रास आहे त्यांना आम्ही सहसा कापत नाही, बोटॉक्सचं इंजेक्शन देतो, त्याने कडं दोन-तीन महिने ढिलं राहते, तेवढ्यात चीर भरली तर भरली, कायमचं काही बदलत नाही. पूर्वी भूल देऊन ती जागा हाताने जोरात ताणत असत, ते आता करत नाहीत, त्याने खरंच कंट्रोल जात असे, तुमच्या मिस्टरांना ज्याने सांगितलं त्याने बहुतेक त्या काळातलं काही ऐकलं असेल.

लेझरचं म्हणाल तर लेझर हे हत्यार आहे, त्याने नेमकं काय करणार ते महत्त्वाचं. फिशरमध्ये अडचण आवळलेल्या कड्याची, ते ढिलं होणार की नाही, अन् होणार असेल तर किती, एवढं विचारा. याचं उत्तर न देता पॅकेजचा रेट सांगायला लागले तर चहा पिऊन परत या.

प्रश्न : मी 61 वर्षांचा, निवृत्त. चार महिन्यांपासून संडासमध्ये रक्त, कधी मिसळलेलं, कधी काळपट. पूर्वी रोज एकदा साफ व्हायचं, आता तीन-चार वेळा जावं लागते अन् तरी पूर्ण झाल्यासारखं वाटत नाही. वजन 5-6 किलो उतरलं. दुखणं फार नाही. ओळखीच्या एकाला इसबगोलने फरक पडला. मी पण सुरू करू का?
(धरमपेठ)

उत्तर : काका, नाही. हे पत्र वाचून मी तुम्हाला अंकाची वाट न पाहता कळवलं, पण तुमच्यासारखे आणखी कोणी वाचत असतील म्हणून इथे पण लिहिते. रक्त संडासमध्ये मिसळलेलं, जायची सवय बदललेली, वजन उतरलेलं अन् वय 61, यात फिशर असली तरी फक्त फिशर म्हणून सोडता येत नाही, मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी, म्हणजे कोलोनोस्कोपी करून घ्यायची. कर्करोग आहेच असं मी म्हणत नाही, पण नाही हे पाहिल्याशिवाय कोणी सांगू शकत नाही. याच कारणाने चीर मागे-पुढे नसून बाजूला असेल किंवा एकापेक्षा जास्त असतील तर आम्ही टीबी, एचआयव्ही, आतड्याची क्रोन्ससारखी सूज यांची तपासणी करतो.

प्रश्न : मुलगा साडेतीन वर्षांचा. संडास आली की पाय क्रॉस करून कोपऱ्यात उभा राहतो, चार-चार दिवस करत नाही, मग रडून रडून करतो अन् रक्ताची रेघ दिसते. दूध मात्र दिवसाला लिटरभर पितो. आम्ही रागावून पाहिलं, लाडाने पण पाहिलं.
(त्रिमूर्तीनगर)

उत्तर : रागावणं आजपासून बंद. तो हट्ट करत नाही, एकदा दुखलं म्हणून रोखून धरतो, मोठे करतात तेच. दूध निम्म्यावर आणा, लिटरभर दुधाने पोट भरलं की तो भाजी-फळ कशाला खाईल. बालरोगतज्ज्ञाकडून संडास मऊ करणारं औषध घ्या अन् तो न रडता रोज जायला लागल्यावर सुद्धा ते सांगतील तितके महिने द्या, आईबाप बहुतेक इथेच लवकर थांबतात. जेवणानंतर पाच मिनिटं पॉटवर, पाय अधांतरी नकोत, खाली काहीतरी टेकू द्या. झालं तर शाबासकी, नाही झालं तर काहीच बोलू नका.

प्रश्न : सगळं करतो मॅडम, टब पण आणला, इसबगोल पण चालू, दुखणं बरंच कमी आहे. फक्त एवढं सांगा, सावजी कायमचं बंद का? अन् तर्री पोहे?
(महाल)

उत्तर : हे पत्र मी घरी मोठ्याने वाचून दाखवलं. कायमचं नाही हो बाप्पा. तिखटाने फिशर होते असं नाही, ती होते खड्याने किंवा जुलाबाने, पण मिरचीतला झणका सगळा पोटात जिरत नाही, उरलेला तिथून बाहेर पडताना उघड्या जखमेवरून जातो, अन् भिवापुरी मिरची तिथे काय करते हे तुम्हाला मी सांगायला नको. सावजीच्या रात्री दुसरं पण होते, पाणी कमी, भाजी शून्य, झोप उशिरा, अन् ज्यांचं सोबत "बसणं" होते त्यांचं शरीरातलं पाणी आणखी जाते. दुखणं पूर्ण थांबून दोन महिने होऊ द्या. मग खा, रस्सा कमी अन् भाकरी जास्त, कांदा-काकडी ताटभर, रात्री इसबगोल चुकवायचं नाही. पहिल्यांदा शनिवारी खा, म्हणजे रविवारी सकाळी काय होते ते घरी बसून कळेल. तर्री पोह्यांचं तोवर असं करा, पोहे घ्या, तर्रीतले चणे झाऱ्याने वर काढून घ्यायला सांगा, चण्यात फायबर आहे, अन् तर्री ठेल्यावरच राहू द्या. ठेलेवाला विचित्र नजरेने पाहील, माझ्याकडे पण पाहतो.